फोटोतून गेलेली वाट

संध्याकाळी उंच इमारतींचा फोटो काढायचा असेल तर सूर्य बुडेपर्यंत घाई करू नये. लोक सूर्य बुडताना फोटो काढतात आणि तो बुडाला की मोबाइल खिशात टाकून घरी जातात. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. सूर्य डोंगराआड गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं अशी येतात की आकाशाचा उजेड आणि खिडक्यांतला उजेड एका पातळीवर असतो. त्याआधी दिवे दिसत नाहीत, त्यानंतर इमारती दिसत नाहीत. तेवढ्यात जे मिळेल ते मिळेल, नाहीतर उद्या पुन्हा यायचं.

हे आधीच सांगतो, कारण मला जे सांगायचं आहे ते अशाच एका संध्याकाळच्या वीस मिनिटांत घडलं. या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. ते माझ्याकडे आहेत. पण लिहायला बसलो की हाच समोर येतो, म्हणून हाच लिहितो.

माझा स्टुडिओ चौकला होता, जुन्या हायवेला लागून, एका बाजूला गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला ढाबा. आमच्या बौद्धवाड्यातली माझ्या वयाची पोरं रसायनीच्या कारखान्यांत किंवा सरकारी नोकरीत लागली, मी एकट्याने दुकान टाकलं. गिऱ्हाईक बहुतेक ड्रायव्हर. लायसन्सला फोटो हवा म्हणून गाडीखालून निघून थेट स्टुलावर येऊन बसायचे. त्यांच्यासाठी मी खुंटीवर एक निळा शर्ट धुऊन ठेवायचो. एके काळी सरकारी कागदांवर अर्धा तालुका त्याच निळ्या शर्टात होता.

मोहोपाड्याची एक बाई आठवते. नवरा कारखान्यात होता, तो वारला. घरी त्याचा धड फोटो नव्हता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा एक होता, तोही हेल्मेट घातलेला. तिला भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता, हेल्मेट काढून. मी कॉम्प्युटरवर हेल्मेट काढलं, कपाळ भरलं, केस बसवले. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांचा भांग उजवीकडून होता." मी भांग बदलला. मग ती रडली, आणि मला कळलं की आता जमलं. आमच्या धंद्यात याला टचिंग म्हणतात. टचिंग म्हणजे खोटेपणा, असं मला कोणी म्हटलं की मी या बाईची गोष्ट सांगायचो. आता सांगत नाही.

कर्जत-चौक रस्त्यावर एका कंपनीने मोठी वसाहत काढली. वसाहत हा माझा शब्द, ते तिला शहर म्हणायचे. तीन टॉवर, प्रत्येक वीसेक मजल्यांचा, मागे माथेरानच्या डोंगराची लांब रांग. समोर एक टेकडी होती. तिचा माथा सपाट करून त्यांनी बाग केली होती. लॉन अंथरलेलं, दोरांनी ताणून बांधलेले पाम, बाकडी, आणि 'सनसेट पॉइंट' असा पितळी अक्षरांचा बोर्ड. त्या बागेतून संध्याकाळी टॉवरांचा फोटो हवा होता, जाहिरातीसाठी. एरवी अशा कामाला मुंबईचा फोटोग्राफर येतो. पण इथला उजेड इथल्या माणसाला माहीत, असं कोणीतरी त्यांना सांगितलं आणि मला बोलावणं आलं. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. इतकं मोठं काम मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. मी अट एकच घातली, फोटोखाली माझं नाव छापायचं. त्यांनी लगेच मान्य केली.

मार्केटिंगच्या मॅडम मुंबईहून आल्या होत्या. तिशीतल्या, बोलायला अदबशीर. मला काका म्हणायच्या, चहाला विचारायच्या. त्यांना वाईट म्हणायला मला काही कारण नाही.

बागेत तिवई लावून मी कॅमेऱ्यातून पाहिलं. टॉवर मध्यभागी, वर डोंगराची रेघ, आणि खाली टेकडीच्या उतारावर ठाकर आदिवासींची वाडी. अकरा घरं. कुडाच्या भिंती, काहींवर कौलं, काहींवर पत्रे. त्या वाडीतून एक पाऊलवाट निघून उतारावरून तिरकी जात टॉवरांच्या बाजूने मोठ्या रस्त्याला लागायची. लाल मातीची, पायांनी घट्ट झालेली. फोटोग्राफर म्हणून सांगतो, त्या चौकटीत सगळ्यांत चांगली गोष्ट ती वाट होती. नजर तिच्यावरून चालत बरोबर इमारतींपर्यंत जात होती.

मी मॅडमना हौसेने ते दाखवलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, वाट आणि त्या झोपड्या नंतर काढून टाकता येतील ना?"

"काढता येतील. पण वाटेमुळे नजर वर जाते."

"घर घेणाऱ्यांची नजर झोपड्यांवर जाते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात नाही काका. वरून तसंच सांगितलंय."

त्या वाडीवर मी पूर्वी गेलो होतो. वनहक्काच्या अर्जांना फोटो लागत होते तेव्हा मी कॅमेरा आणि एक पांढरी चादर घेऊन त्याच वाटेने वर गेलो होतो. एका घराच्या कुडावर चादर टांगून, समोर एकेकाला उभं करून सगळ्या वाडीचे फोटो काढले होते. मॅडमना मी यातलं काही सांगितलं नाही. "बघतो," एवढंच म्हणालो.

दुसरी अडचण दिव्यांची होती. तीनपैकी एकाच टॉवरमध्ये वायरिंग झालं होतं आणि राहायला एकही माणूस आलेला नव्हता. मॅडमनी इलेक्ट्रिशियन लोकांना हॅलोजन देऊन वर पाठवलं होतं. हातात वॉकीटॉकी धरून त्या मला विचारायच्या आणि वर सांगायच्या. मी म्हणालो, "सगळ्या खिडक्या लावू नका. सातव्यावर तीन, नवव्यावर दोन, अकरावा पूर्ण बंद. माणसं राहतात असं वाटलं पाहिजे." हे डोकं माझं होतं. त्या खूश झाल्या. उरलेल्या दोन टॉवरांच्या खिडक्या मी कॉम्प्युटरवर लावणार होतो.

सूर्य डोंगराआड गेला. आकाश आधी पिवळं, मग जांभळट होऊ लागलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्याच वेळी वाटेवर एक बाई आली. डोक्यावर लाकडांची मोळी. रस्त्याकडून वाडीकडे निघालेली.

अशा कामात एका जागेवरून एकामागून एक बरेच फोटो काढतात, काही उजळ, काही गडद, आणि नंतर एकावर एक बसवतात. मध्ये माणूस चालला की तो प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी येतो आणि भुतासारखा दिसतो. मी बागेच्या कठड्यापाशी जाऊन हाक मारली, "बाई, जरा थांबा तिथंच. झाडाच्या मागं व्हा."

तिने मान न हलवता वर पाहिलं. मी ओळखलं. सोमी. चादरीपुढे उभी राहिली तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. तिनेही मला ओळखलं.

"फोटूवाले, तुमी व्हय? कोनाचा फोटू काढताय?"

"या बिल्डिंगांचा."

"मंग आमी मदी येतो का?"

"हो. थोडा वेळ थांबा. उजेड गेला की जा."

"बरं," ती म्हणाली, आणि आंब्याच्या झाडामागे जाऊन उभी राहिली. तिच्या मागून येणाऱ्या दोघीतिघींनाही तिनेच थांबवलं. "थांबा गं, फोटू चाललाय." मोळी खाली टाकली तर एकटीने पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, म्हणून त्या मोळ्या डोक्यावर ठेवूनच उभ्या राहिल्या. मी वीस मिनिटं फोटो काढले. मला फार चांगले फोटो मिळाले. काम संपल्यावर हात केला आणि त्या निघून गेल्या. मी तिवई गुंडाळत होतो.

पुढचे चार दिवस मी स्टुडिओत बसून टचिंग केलं. आधी घरं काढली. मग वाट. वाट काढणं अवघड असतं, कारण ती लांब असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचं गवत वेगळं असतं. बागेतल्या लॉनचा तुकडा घेऊन तो उतारावर पसरला, त्यावर सावल्या टाकल्या, मधेमधे झाडं बसवली. कुठे सांधा दिसत नव्हता. मग ज्या टॉवरांत वायरही पोचलेली नव्हती त्यांच्या खिडक्यांत दिवे लावले. मूळ फाइल्स कंपनीने हार्ड डिस्कवर नेल्या, कारण करारात त्या त्यांच्या होत्या. माझ्याकडे टचिंगच्या आधीची एक लहान प्रत राहिली, सवयीने ठेवलेली. मला कोणी धमकावलं नव्हतं. नाही म्हणालो असतो तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं आणि त्याने हे इतक्या सफाईने केलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यातला सफाईचा भाग खरा होता.

फोटो जुन्या हायवेवर मोठ्या होर्डिंगवर लागला. मी बायकोला, सुनंदाला, स्कूटरवर बसवून दाखवायला नेलं. कोपऱ्यात माझं नाव होतं. तिने मान वर करून नीट पाहिलं. तिचं माहेर पोशीरचं, भातशेतीतलं, तिला जमीन बघायची सवय.

"इथं वाडी होती ना हो?"

"आहे अजून. फोटोत नाही."

परत येताना आम्ही भाजी घेतली.

वर्षभराने कंपनीने बागेच्या खालचा उतार सपाट केला, लॉन वाढवलं आणि सभोवती भिंत घातली. वाडी भिंतीबाहेर राहिली, वाट आत गेली. वाडीला रस्त्यावर यायला आता टेकडीला पूर्ण वळसा घालावा लागणार होता. वीस मिनिटांच्या जागी तासाहून जास्त. शाळेतली पोरं, भाजी विकायला चौकला येणाऱ्या बायका, सगळ्यांना. वाडीच्या लोकांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला की ही वहिवाटीची वाट आहे, ती मोकळी करून द्यावी.

एका सकाळी सोमी आणि तिचा नवरा जैतू माझ्या स्टुडिओत आले. जैतू कमी बोलणारा माणूस. त्याने पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवले. कंपनीच्या वकिलाने दिलेलं उत्तर होतं. त्यात लिहिलं होतं की भिंत घालण्याआधीही तिथे कुठलीच वाट नव्हती, आणि पुराव्याला भिंतीआधीचा फोटो जोडला होता. तो माझा फोटो होता. खाली माझं नाव होतं. त्या नावावरूनच ते माझ्यापर्यंत आले होते.

जैतूने बोट ठेवलं. "ह्यो तुमचा हाय?"

"माझा आहे."

"हितं आमची घरं नायत. वाट नाय. तवा तुमाला दिसली नव्हती का?"

"दिसली होती. मी काढून टाकली."

त्याला राग आला नव्हता, कळत नव्हतं. काढून टाकली म्हणजे काय, हे त्याला कॉम्प्युटर चालू करून दाखवावं लागलं. मी जुनी प्रत उघडली. सोमी पुढे झाली आणि पडद्याला बोट न लावता एकेक घर दाखवू लागली. "ह्ये आमचं. ह्यो जैतूच्या भावाचा पत्रा. आन ह्यी वाट. हाय की." मग जैतूला म्हणाली, "हाय रं, सगळं हाय." तिला हायसं वाटल्याचं आवाजात कळत होतं. मीही म्हणालो, "मी येतो तहसीलदार साहेबांपुढे. खरं काय ते सांगतो." त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. इतक्या सहज सुटू शकेन असं मी मानलं, याची मला अजून लाज वाटते.

सुनावणीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जुन्या प्रतीची मोठी प्रिंट काढून नेली होती. साहेब मध्यमवयीन, दमलेले, पण ऐकून घेणारे होते. मी सगळं सांगितलं. हा फोटो मी काढला, नंतर कंपनीच्या सांगण्यावरून वाडी आणि वाट पुसली, हा आधीचा.

कंपनीचे वकील उठले. त्यांनी विचारलं, "या छापील फोटोत दोन टॉवरमध्ये दिवे दिसतात. तेव्हा तिथे वीज होती?"

"नव्हती."

"मग दिवे कोणी लावले?"

"मी. कॉम्प्युटरवर."

"म्हणजे नसलेली गोष्ट तुम्ही फोटोत घालू शकता."

"हो."

"तशीच एखादी वाटही घालू शकता."

मी म्हणालो, "घालू शकतो. पण घातलेली नाही." कचेरीत बसलेले दोघेतिघे हसले. मूळ फाइल आहे का, असं साहेबांनी विचारलं. ती कंपनीकडे होती. वकील म्हणाले, काम झाल्यावर जुन्या फाइल्स ठेवत नाहीत.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग माझ्या प्रिंटवर पेन टेकवून विचारलं, "समजा हा खरा आहे. वेळ संध्याकाळची. घरी परतायची. ही रोजच्या वापरातली वाट असेल तर तिच्यावर एकही माणूस का नाही?"

मी सोमीकडे पाहिलं. ती दाराजवळ जमिनीवर बसली होती. प्रश्न तिने ऐकला होता.

"मी त्यांना थांबवलं होतं साहेब," मी म्हणालो. "चार बायका होत्या. झाडामागं उभ्या केल्या होत्या."

"का?"

"फोटो खराब झाला असता."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. सोमीलाही विचारलं. तिने उभं राहून सांगितलं, "ह्यांनी थांब म्हनलं, आमी थांबलो. तवा वळखीचं मानूस म्हून थांबलो. तसंच चालत गेलो असतो तर फोटूत आलो असतो." माझ्याकडे न पाहता ती पुन्हा खाली बसली. चाळीस वर्षांच्या जवळपास कॅमेरा चालवून मला कोणी इतकं नेमकं बोललेलं नाही.

साहेब जागेवरही जाऊन आले. घरं होती तिथेच उभी होती, पण वाटेच्या जागी आता लॉन होतं आणि त्यावर पाणी मारायचे फवारे. निकाल लागला तो असा, की वाट असल्याचा भरवशाचा पुरावा नाही आणि वाडीला दुसरा रस्ता उपलब्ध आहे. त्या कागदात माझ्यावर एक ओळ होती. सदर साक्षीदाराने स्वतःच फोटोंत फेरफार केल्याचं कबूल केल्याने त्याच्या दोन्ही फोटोंवर विसंबता येत नाही. मी चिडलो होतो, पण त्या ओळीत चूक काढता आली नाही. मीही तसंच लिहिलं असतं.

अपील करता येतं असं लोकांनी सांगितलं. जैतू म्हणाला, पेरण्या झाल्यावर बघू. पुढे अकरातल्या चार घरांनी वाडी सोडली आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला पाल टाकून राहिली. अपील झालं नाही. मी मॅडमना फोन करून मूळ फाइल मागितली होती. त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या होत्या. "सॉरी काका," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

स्टुडिओ मी बंद केला, पण त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. लोकांना स्टुडिओची गरज उरली नव्हती, एवढंच. पश्चात्तापाने दुकान बंद केलं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं.

मागच्या थंडीत मी सोमीला चौकच्या नाक्यावर भेटलो. टोपलीतले शिंदीच्या पानांचे झाडू, कंदमुळं असं काय काय विकून ती परत निघाली होती. मी म्हणालो, "चला, तुमच्याबरोबर येतो. वळशाचा रस्ता बघायचा आहे मला." तिने नको म्हटलं नाही. रिक्षा जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेलो आणि पुढे चालायला लागलो. भिंत डाव्या हाताला सोबत करत होती. उजव्या हाताला दगडी उतार. चढ सुरू झाल्यावर मला दम लागू लागला. ती माझ्यासाठी हळू चालत होती. वाटेत तिने धाकट्या मुलीच्या लग्नाचं सांगितलं, जैतूच्या गुडघ्यांचं सांगितलं. फोटोचा विषय तिने काढला नाही. मीच काढला.

"सोमीबाई, माझं फार चुकलं."

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. मी आणखी काही ऐकायला थांबलो होतो बहुतेक, पण ती चालत राहिली. अर्ध्या वाटेवर एक ओहळ लागतो. तिथे मी दगडावर बसलो तो पुन्हा उठायची हिंमत होईना. तिने टोपली डोक्यावर नीट केली, चढाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी जावा आता मागारी," ती म्हणाली. "तुमाला कशाला येवढं."

मी मागे फिरलो.